पाण्याची पाळी

वेळ नाही, ही सुशिक्षित मनुष्याची सर्वांत प्रतिष्ठित सबब आहे. पैसा नाही असे म्हणावयास लाज वाटते, इच्छा नाही असे म्हणावयास धैर्य लागते. परंतु वेळ नाही असे सांगताना बोलणाऱ्याची मान किंचित ताठच होते. कारण ज्यास वेळ नाही तो मोठा आणि ज्यास वेळ आहे तो रिकामटेकडा, असा हिशेब जगाने केव्हाच मांडून ठेवला आहे. ही सबब आम्ही आजवर आप्तांस दिली, मित्रांस दिली, विद्यार्थ्यांस दिली आणि फिरावयास जात जा असे बजावणाऱ्या डॉक्टरांसही दिली. तीच आम्ही देवालाही देत आलो आहो, हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले. ते कसे आले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आम्ही जन्माने ख्रिस्ती. आमची पणजी १९०० सालच्या दुष्काळात पोरकी होऊन केडगावास पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आली व तेथेच लहानाची मोठी झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी बारामती, दौंड, श्रीगोंदे या टापूत काम करीत असत. आमचे आजोबा त्यांच्याच शाळेत मुळाक्षरे गिरवावयास शिकले. आई इंदापूर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे शिक्षिका होती. अशा घरातल्या मुलास प्रार्थना शिकवावी लागत नाही. ती त्याला गोवर-कांजिण्यांप्रमाणे घरच्या घरीच होते. आणि दुर्दैव असे की, त्या व्याधींप्रमाणेच लहानपणी एकदा होऊन गेली म्हणजे पुन्हा सहसा होत नाही!

आमचा व्यवसाय प्राध्यापकाचा आणि वास्तव्य बारामतीस. इंग्रजी वाङ्मय शिकविण्याकरिता आपली नेमणूक झाली आहे, अशी आमची पुष्कळ दिवस प्रामाणिक समजूत होती. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत शिकविणे हे आमचे जोडकाम होऊन बसले असून अहवाल लिहिणे हे मुख्य काम झाले आहे. केलेल्या कामाचा अहवाल, करावयाच्या कामाचा आराखडा, आणि अहवाल वेळेवर का गेला नाही याचा लेखी खुलासा, अशा त्रिविध तापांत आमचा दिवस जातो. उरल्या वेळेवर दोन मंडळींचा हक्क आहे. एक आमची घरातील मंडळी आणि दुसरी आमची ख्रिस्ती मंडळी. पहिलीचे आम्ही काहीच ऐकत नाही अशी तिची तक्रार आहे. दुसरीचे आम्ही चिटणीस आहो. रविवारच्या उपासनेत प्रार्थना चालविण्याचे काम पुष्कळदा आमच्याकडे येते, आणि प्रोफेसरसाहेब प्रार्थना फार सुरेख करतात असा आमचा लौकिक आहे. तीत आरंभ, मध्य व अंत ही तिन्ही अंगे असतात, भाषा शुद्ध असते, आणि एखादा दाखलाही असतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत मात्र आमची व देवाची गाठ पडत नसे. ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. खरे बोलावयाचे तर आम्हांसही ती स्पष्टपणे ठाऊक नव्हती.

आईचे तसे नव्हते. तिच्या प्रार्थनेचे वेळापत्रक दुधावर अवलंबून असे. दूध चुलीवर ठेवले म्हणजे ते तापेपर्यंत तेथून हलता येत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तेवढा काळ आईने देवाला तोडून दिला होता. पहाटे साडेपाचला ती पातेल्यापुढे उभी राही, डोक्यावर पदर घेई, आणि अर्धे डोळे मिटून पुटपुटू लागे. अर्धेच, कारण दुसरे अर्धे दुधाकडे असत. आम्हा चौघा भावंडांची नावे, वडिलांचा दमा, शेजारच्या भांडखोर बाईचा मुलगा, वर्गात चार दिवस न आलेली मुले, व्यायला आलेली शेजाऱ्यांची गाय, असे सारे इंदापूर त्या पाच-सात मिनिटांत देवापुढे उभे राही. आमेन आणि दुधाचा फेस हे दोन्ही एकदमच वर येत. त्यानंतर तिचा जो दिवस सुरू होई, त्यात सहा मैलांची पायपीट, दोन इयत्तांचा एक वर्ग, स्वयंपाक आणि वह्या तपासणे हे सर्व असे. मला वेळ नाही हे वाक्य तिच्या तोंडून ऐकल्याचे आम्हांस आठवत नाही.

पुढे आईचे वय झाले, खुब्याचे हाड मोडून ती अंथरुणास खिळली, आणि आमची रविवारची इंदापूरची फेरी ठरून गेली. दुपारची जेवणे आटोपून बारामतीहून निघावे, सणसर, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत तास-सव्वा तासात इंदापुरास पोचावे, आईजवळ घटकाभर बसावे आणि दिवे लागण्यापूर्वी परतावे. हाच रस्ता तुकोबारायांच्या पालखीचा. आषाढवारीत त्यावर पताकांची रांग लागते आणि आमच्यासारख्या घाईच्या माणसांस आडरस्त्याने जावे लागते. त्याबद्दल दर वर्षी आम्ही कुरकुरत असू.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातील असाच एक रविवार. दुसऱ्या दिवशी एक मोठा अहवाल वर पाठवावयाचा होता आणि आमचे अर्धे चित्त त्यात गुंतले होते. आम्ही उठू लागलो तेव्हा आई म्हणाली, “जाताना दोन शब्द प्रार्थना कर, बाळा.” आम्ही तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि हे दयाळू स्वर्गीय पित्या एवढे शब्द उच्चारतो न उच्चारतो तोच खिशातला मोबाईल वाजू लागला. वाजू द्यावा, हे आम्हांस सुचले नाही. एका हातात आईचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने आम्ही तो कानास लावला, “दोन मिनिटं थांबा, करतो,” असे म्हणून खिशात टाकला, आणि प्रार्थनेचा तुटलेला धागा उचलून ती दोन मिनिटांच्या आतच पुरी केली.

आईने डोळे उघडले. “कुणाला थांब म्हणालास रे, दोन मिनिटं?”

“कॉलेजातून फोन होता, आई.”

“हां. मला वाटलं, देवबापाला म्हणालास.”

तिला त्या दिवसांत कमी ऐकू येत असे. ती खरोखरच चुकीचे समजली होती, की छत्तीस वर्षे पोरांना वळण लावलेली मास्तरीण पुन्हा एकदा जागी झाली होती, हे आम्हांस त्या वेळी कळले नाही आणि पुढे विचारण्याचे धैर्य झाले नाही. निमगाव ओलांडीपर्यंत आम्ही गाडीत कोणाशी बोललो नाही. आई चुकीचे समजली असली तरी चुकीचे बोलली नव्हती.

त्या रात्री आम्ही निश्चय केला. निश्चय करण्यात आम्ही पहिल्यापासूनच तरबेज आहो. पहाटे पाचचा गजर मोबाईलवर लाविला. गजर झाला, आम्ही उठलोही. परंतु तो बंद करण्याकरिता यंत्र हाती घेतले, तो रात्रीतून आलेले सदतीस निरोप दृष्टीस पडले. त्यांस उत्तरे देता देता साडेसहा वाजले. मौज अशी की, घड्याळाचा आणि प्रार्थनेचा संबंध मुळात शत्रुत्वाचा नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टाने आपल्या मठवासीयांस दिवसारात्रीच्या ठराविक वेळी प्रार्थना लावून दिल्या. त्या वेळा पाळण्याकरिता घंटा आल्या. आणि इंग्रजीतील ‘क्लॉक’ हा शब्दही मूळच्या घंटावाचक लॅटिन शब्दापासूनच आलेला आहे. जे यंत्र मनुष्यास कामावरून उठवून देवाकडे नेण्याच्या कामी आले, तेच आज त्यास प्रार्थनेवरून उठवून कामाकडे नेत आहे.

मग आम्ही एक रोजनिशी केली. तिच्यात तारखेपुढे ‘प्रा.’ असा रकाना आखून किती मिनिटे झाली ते टिपू लागलो. महिनाअखेर पाहतो तो टक्केवारी, सरासरी व मागील पंधरवड्याशी तुलना असा सर्वांगसुंदर अहवाल तयार झाला होता. त्यात प्रार्थनेवाचून दुसरे काही उणे नव्हते. शेवटी गाडी चालविताना प्रार्थना करून पाहिली. गळिताचा हंगाम सुरू झालेला, रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. देवाचे नाव आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार एकाच श्वासात होऊ लागला, तेव्हा तोही नाद सोडला.

अशा वेळी शिकलेला मनुष्य पुस्तकांच्या आश्रयास जातो. आम्हीही गेलो आणि हवे तेच आणले. सतराव्या शतकात पॅरिस येथील एका कार्मेलाइट मठाच्या मुदपाकखान्यात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा सेवक होता. भांड्यांच्या खडखडाटातही त्यास देवाचे सान्निध्य अनुभवास येई. जॉन वेस्लीची आई सुसाना हिला एकोणीस मुले झाली; घरात एकांत मिळेना तेव्हा ती डोक्यावरून कापड घेऊन बसे आणि आई देवाशी बोलते आहे हे मुले ओळखीत, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आणि जुन्या करारातील नहेम्या हा इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार. बादशहाने प्रश्न विचारावा आणि याने उत्तर द्यावे, त्या दोहोंच्या मधल्या निमिषात त्याने प्रार्थना करून घेतली. हे दाखले वाचून आम्हांस मोठे हायसे वाटले. काम हीच प्रार्थना, मनात भाव असला म्हणजे झाले, वेगळी वेळ कशास हवी? असा निकाल आम्ही स्वतःच्या बाजूने देऊन टाकला.

निकाल देताना आम्ही पुरावा अर्धाच वाचला होता. ब्रदर लॉरेन्सला ती सहजता लाभण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे मनाशी झगडावे लागले, असे तो स्वतःच सांगतो. नहेम्याच्या त्या निमिषार्धाच्या प्रार्थनेमागे चार महिन्यांचे रडणे, उपास व विनवणी उभी होती. पहिल्या अध्यायात ते सर्व आले आहे आणि आम्ही मात्र दुसऱ्या अध्यायापासून वाचावयास आरंभ केला होता. विहिरीत पाणी असेल तर एका हिसक्यासरशी पोहरा भरून येतो. कोरड्या विहिरीवर तीच युक्ती करून भागत नाही.

त्याच वर्षी नाताळास दहा दिवस उरले असता आई गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिची वाचा बंद होती. आम्ही उशाशी बसलो होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भावाने केली, शेजारच्या मारुतीच्या देवळातल्या वृद्ध गुरवानेही दारात उभे राहून हात जोडले. आम्हांस करावयास सांगितले तेव्हा आमचा सारा लौकिक आमच्या मदतीस धावून आला. वाक्ये एकामागून एक येऊ लागली, शुद्ध, घोटीव, रविवारची. आणि मध्येच ती आम्हांस ऐकवेनाशी झाली. आम्ही थांबलो. खोलीतल्या मंडळींस वाटले की गळा दाटून आला. तो दाटला होताच. परंतु थांबण्याचे कारण निराळे होते. ज्याच्याशी आपण बोलत आहो त्याची व आपली ओळख राहिलेली नाही, हे त्या क्षणी आम्हांस उमगले होते.

दफनविधी झाल्यावर तिसऱ्या रात्रीची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेले. रात्री दीडच्या सुमारास आमचे मावसभाऊ, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, अंथरुणावरून उठले, कांबळे पांघरले आणि कोपऱ्यातले फावडे उचलले. आम्ही जागेच होतो. “कुठं निघालात, दादा?” असे विचारले. ते म्हणाले, “पाळी आहे.”

ज्या वाचकांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्याकरिता एवढे सांगितले पाहिजे की, १८८५ साली वाहू लागलेला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांस पाणी देतो. ते पाणी हवे तेव्हा मिळत नाही. आवर्तन सुटले म्हणजे प्रत्येक शेताची पाळी लागते. ती दिवसा दोनला लागेल किंवा रात्री दोनला. ज्याची त्याने तेथे हजर राहून दारे धरली पाहिजेत. इंदापूर तालुका पडला कालव्याच्या टोकाला. त्या टोकास तिकडचे लोक ‘टेल’ म्हणतात, आणि टेलच्या शेतकऱ्याची जन्माची कैफियत अशी की वरच्यांची तहान भागून उरेल ते आपल्यापर्यंत येते. पुष्कळदा येतच नाही.

आम्ही दादांबरोबर निघालो. मार्गशीर्षाची कडाक्याची थंडी, आकाश चांदण्यांनी गच्च भरलेले, दूर कारखान्याचे दिवे. बांधावर बसून आम्ही म्हणालो, “आजच्या दिवस पाटकऱ्याला सांगून पुढं ढकलता आली नसती का? घरात दुःख आहे.”

दादा हसले. “प्रोफेसर, पाणी काय आपल्यासाठी थांबतंय? आपण पाण्यासाठी थांबायचं असतं.”

थोड्या वेळाने चारीत खळखळ ऐकू आली. पाणी पहिल्या सरीत शिरले तसे दादांनी डोक्यावरची टोपी काढली, “आलं बरं का, देवबापा,” एवढेच म्हणाले, आणि टोपी परत घालून फावडे चालवू लागले. मग मागे वळून जणू खुलासा केला, “मावशीनं शिकवलेलं. तिसरीत होतो तिच्या वर्गात.”

त्या बांधावर पहाटेपर्यंत बसून आम्हांस जे कळले ते कोणत्याही अहवालात मावण्यासारखे नाही, पण सांगावयास सोपे आहे. आम्ही आजवर दिवसाच्या उगमाशी नोकरी, लौकिक, निरोप व सभा यांची शेते मांडली होती आणि प्रार्थना टेलला ठेविली होती. सगळ्यांचे भिजून झाल्यावर उरेल ते पाणी तिला द्यावयाचे, अशी आमची व्यवस्था. ते कधी उरत नव्हते, यात नवल ते काय? वेळ मिळाल्यावर प्रार्थना करू असे म्हणणारा मनुष्य कधीही प्रार्थना करीत नाही, कारण वेळ ही मिळणारी वस्तूच नव्हे. आमच्या भाषेने हे आधीच सांगून ठेविले आहे. ज्या संस्कृत ‘वेला’ शब्दापासून आपला ‘वेळ’ आला, त्याचा एक अर्थ काठ, मर्यादा असा आहे. पाण्यास काठ घातला तर कालवा होतो; न घातला तर नुसता ओघळ. काठ आपणच घालावयाचा असतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात अशा एका काठाचे वर्णन आहे. कफर्णहूम गावी शब्बाथाची संध्याकाळ. सारे गाव दारात लोटलेले, आजारी व पीडित माणसांची रीघ. त्या रात्री येशूला झोप किती मिळाली असेल ती असो. पण पुष्कळ अंधार असतानाच तो उठून एका एकांत स्थळी गेला व तेथे प्रार्थना करीत राहिला. शिमोन शोधीत आला आणि सर्व लोक आपल्याला शोधत आहेत असे म्हणाला. हे वाक्य आम्हांस अगदी परिचयाचे वाटते. आमच्या मोबाईलवर दिवसातून दहा वेळा येते. पुढची गोष्ट मात्र आम्ही कधी नीट वाचली नव्हती. येशू त्या लोकांकडे परतला नाही. आपण दुसऱ्या गावांकडे जाऊ, असे त्याने सांगितले. ज्याच्या दाराशी सारे गाव उभे आहे, त्यास कोणत्या कामाला नाही म्हणावयाचे हे त्या अंधारातल्या एकांताने कळविले. आमची समजूत अशी होती की प्रार्थना कामाचा वेळ खाते. आमचा वेळ आजवर खाल्ला तो नको त्या कामांनी, आणि त्यांस नाही म्हणण्याचे बळ आमच्यात नव्हते म्हणून.

यावर कोणी म्हणेल की, प्रार्थनेत दंग राहणारे लोक जगाच्या उपयोगी पडत नाहीत. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, आणि त्याचेही उत्तर नीरेच्या काठीच सापडते. कालवा आला, ऊस आला, आणि लोकांनी अंदाज न धरता पाणी दिले. निचरा नव्हता तेथे जमिनीतले क्षार वर आले आणि सोन्यासारखी शेते पांढरी पडली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी एका सहकाऱ्यासह १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पाणी आत येते पण पुढे वाहून जात नाही, त्या जमिनीत मीठ फुटते. जी भक्ती केवळ स्वतःत मुरते आणि शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही तिचीही तीच गत होते. परंतु निचरा नसेल तर निचरा काढावा. पाणीच तोडावे असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणणार नाही.

आणि निचरा कसा असतो हे पाहावयाचे तर आमच्या पणजीचे केडगाव फार दूर नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचे अन्नवस्त्र, शिक्षण, शेती, छापखाना एवढा पसारा रमाबाईंच्या एकटीच्या शिरावर होता. वेळ नाही असे म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणास असेल तर तो त्यांस होता. १९०५ च्या आरंभी त्यांनी आणखी काम काढले नाही; त्यांनी मुलींस रोज एकत्र प्रार्थनेस बसविले. त्याच पावसाळ्यात मुक्तीमध्ये जी जागृती झाली तिचा बोभाटा परदेशांपर्यंत गेला. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे प्रचंड काम त्यांनी हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी ते सोडले नाही, आणि ते पुरे करूनच १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळविले होते. ज्या हातांनी प्रार्थनेकरिता काम बाजूस ठेविले, त्याच हातांचे हे काम आहे.

वेळेचा प्रश्न असा सुटला तरी भाषेचा उरतो, आणि प्राध्यापकास तो अधिक जाचतो. त्या बाबतीत आम्हांस आमच्याच गावच्या एका पंडिताने धीर दिला. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस नाईकांच्या आश्रयास होते. अख्खे भारत आर्यांत उतरविणारा, ओठ न लावता उच्चारता येईल असे रामायण रचणारा हा शब्दप्रभू. पण देवापुढे उभे राहण्याची वेळ आली तेव्हा आपल्या स्तोत्रास त्याने नाव दिले ‘केकावली’, म्हणजे मोराच्या केकांची माळ. मोराची केका म्हणजे काही गायन नव्हे. पाण्याने भरलेला मेघ पाहून आतून निघालेली ती हाक आहे. एवढ्या मोठ्या कारागिरास जर अखेरीस हाकच मारावीशी वाटली, तर आमच्या आरंभ-मध्य-अंताची मातबरी काय?

सध्या आमचा क्रम असा आहे. घरातील मंडळींकडून सकाळचे दूध तापविण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे. प्रथम त्यांस ही थट्टा वाटली, नंतर संशय आला, आता सवय झाली आहे. मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो. पातेल्यापुढे उभे राहून आम्ही नावे घेतो: मुलांची, भावंडांची, दादांची, पहिल्या बाकावरच्या आणि बरेच दिवस न आलेल्या विद्यार्थ्यांची, ज्यांच्याशी आमचे पटत नाही अशा दोघा सहकाऱ्यांचीही. वाक्ये पुरी होत नाहीत. एखाद्या नावापाशी थांबलो म्हणजे त्या माणसाचे काहीतरी करावयाचे राहिले आहे हे आठवते, आणि दिवसा ते करावे लागते. अहवाल अजूनही लिहितो, पण ते पहिल्यापेक्षा आखूड झाले आहेत. त्यावरून अद्याप कोणी खुलासा मागितलेला नाही.

आषाढात पालखी आली म्हणजे आडरस्त्यावरून जाताना आता आम्ही कुरकुरत नाही. ऐन पेरणीच्या दिवसांत घर सोडून निघालेली ती हजारो माणसे आमच्यापेक्षा कमी कामाची आहेत असे मानण्यास काही आधार नाही. तारीख ठरलेली आहे आणि ते निघाले आहेत, एवढेच. नारायण वामन टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलावर आम्हांसारख्या जन्माच्या ख्रिस्त्यासही अधूनमधून उभे राहण्यास हरकत नसावी.

सर्व काही साधले असे मात्र कोणी समजू नये. परीक्षेच्या दिवसांत चार-चार दिवस चुकतात. कधी ओठ हालतात आणि मन कॉलेजात असते. गेल्या महिन्यात एकदा दूध उतू गेले; आईच्या हातून ते कधी गेल्याचे आम्हांस आठवत नाही. अशा दिवशी पूर्वी आम्ही निश्चयच मोडला असे समजून सर्व सोडून देत असू. परवा दादा भेटले तेव्हा सहज विचारले की पाळी चुकली तर काय करता. ते म्हणाले, “काय करायचं? रान थोडं सुकतं. पाटकऱ्याला विचारून ठेवायचं, पुढची कधी. आणि त्या रात्री जागं राहायचं.”